आठव्या नावाची हजेरी

यशवंत गेले ते जूनमधल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाला. नववीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होते. मला निरोप अकराला मिळाला. बाराला मी दवाखान्यात पोचले. तीनला त्यांना घरी आणलं आणि सहाला नेलं.

मी एका प्रवासाबद्दल लिहायला बसले आहे. तो त्या गुरुवारमुळे घडला, म्हणून तो दिवस आधी लिहून टाकला.

आम्ही अकोल्याचे. यशवंत शाळेत इतिहास शिकवत, मी एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही थंड हवेच्या ठिकाणी एकदाही गेलो नाही. आमचे सगळे प्रवास कुठल्या ना कुठल्या दिवसाला धरून असत. नवीन कॅलेंडर आलं की यशवंत लाल पेन्सिल घेऊन बसत. दसऱ्याला एक वर्ष नागपूर, एक वर्ष हिंगोलीचं प्रदर्शन. शिवरात्रीला औंढा. कुठला उरूस, कुठली जत्रा, कुठे एखाद्या विसरलेल्या लढाईची आठवण म्हणून दहा माणसं जमतात तो दिवस. देवाचं आम्हाला काही नव्हतं, आम्ही बौद्ध. पण माणसं एका ठिकाणी का जमतात हे बघायला यशवंतांना आवडे.

त्यांचा हट्ट असा की सणाच्या आदल्या दिवशी पोचायचं. "त्या दिवशी नुसती गर्दी दिसते," ते म्हणत, "मांडव घालणारे आदल्या दिवशीच भेटतात." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई करायची नाही, कारण झाडणारे तेव्हा येतात. असा प्रवास करायचा असेल त्यांनी एवढं तरी पाळावं. मुक्काम महाग पडत नाही, पाय दुखतात.

ह्या सगळ्यात एका प्रवासाला ते मला नेत नसत. सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन. आमच्याकडे वऱ्हाडात तो साधा कामाचा दिवस. हैदराबाद संस्थान आपल्यापेक्षा तेरा महिने उशिरा सुटलं, हे पलीकडच्या माणसाला शाळेत शिकवावं लागत नाही, इकडच्याला शिकवूनही लक्षात राहत नाही. मला रजा नसे आणि ते एकटेच जात. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या पलीकडे त्यांचं मूळ गाव. गावाचं नाव मी लिहिणार नाही. त्या गावात एक स्तंभ आहे. रझाकारांच्या काळात मारले गेले त्यांची नावं त्या दिवशी तिथे वाचतात, आणि प्रत्येक नावाला त्या घरचं माणूस उठून "हजर" म्हणतं. पहिल्यांदा नावं वाचली ती शाळेच्या मास्तरांनी, वर्गात हजेरी घ्यावी तशी. तेव्हापासून तशीच प्रथा पडली.

यशवंतांचे थोरले चुलते लिंबाजी संस्थान सुटलं त्याच सप्टेंबरात मारले गेले. "आठवं नाव लिंबाकाकांचं," यशवंत मला सांगत. "मी हजर म्हणतो." सोळा वर्षं ते जात होते.

त्या वर्षीच्या कॅलेंडरवरही सतरा तारखेला लाल गोल होता. यशवंत नसताना ते नाव बिनउत्तराचं राहील, हे मला सहन होईना. मी चार दिवसांची रजा टाकली. बहीण म्हणाली, "शंभर दिवस तरी होऊ दे." मी दिवस मोजले नव्हते.

कनेरगाव नाका, पंधरा सप्टेंबर

वाशीम सोडलं की पाऊण तासात कनेरगाव नाका येतो. पूर्वी इथे खरोखरचा नाका होता. अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. आता ढाबे आहेत, ट्रक उभे असतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन सारखंच पिवळं पडत असतं. माती बदलत नाही. बोली मात्र हळूहळू बदलते. एसटीत माझ्यामागे दोघी बोलत होत्या, "का"ला "काहून" म्हणणं आमच्यासारखंच होतं, पण हेल मराठवाड्याचा लागला होता.

यशवंत दर वर्षी इथे उतरून एक गाडी सोडत, हे मला ठाऊक होतं. लिंबाकाका ह्याच बाजूला मारले गेले, एवढंच घरात माहीत होतं. मीही उतरले. रस्त्याकडेला एका ढाब्यावर पन्नाशीपुढचा माणूस तव्यावर भाकरी टाकत होता. मी विचारलं, अकोल्याचे एक मास्तर दर वर्षी ह्या दिवसांत येत, ते आठवतात का.

"छत्रीवाले?" तो लगेच म्हणाला. "बराबर. पाऊस असू की नसू, छत्री. चहात साखर कमी टाक म्हणायचे न् वरून दोन पेढे खायचे. मी म्हणायचो, मास्तर, हे कुठल्या पुस्तकात हाय? औंदा न्हाई आले?"

"गेले ते. जूनमध्ये."

त्याने हातातली भाकरी उलटली. मग फडकं घेऊन बाकडं पुसलं, ते आधीच कोरडं होतं. "बसा बाई."

त्याने मला न विचारता पिठलं, भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. आमच्याकडच्यापेक्षा पिठलं घट्ट होतं आणि लसूण दुप्पट. जून महिन्यानंतर मी पहिल्यांदा पूर्ण भाकरी खाल्ली. नंतर त्याने बोटाने दाखवलं. "त्या बाभळीखाली उभे राहायचे. मी एकडाव हटकलं, म्हणलं मास्तर, एसटी तिथं न्हाई थांबत. तर म्हणले, माझा माणूस तिथं थांबला हाय."

मी बाभळीखाली जाऊन उभी राहिले. खाली ट्रकवाल्यांनी टाकलेले टायरचे तुकडे होते. पाच-सात मिनिटं उभी राहिले. पुढची गाडी आली.

हिंगोली आणि औंढा

हिंगोलीत गणपती बसलेले होते. यशवंतांबरोबर मी इथे दसऱ्यालाच आले होते. तेव्हा पाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकानं आणि माणसांत माणूस. आता चौकाचौकात मंडप होते आणि भोंग्यांवर हिंदी गाणी. स्टँडजवळच्या लॉजवर कारकुनाने माझ्याकडे आणि मग माझ्यामागे पाहिलं.

"साहेब संगं हायत ना?"

"नाहीत."

"मग न्हाई जमत बाई. एकट्या लेडीजला रूम देत न्हाईत. तकलीफ होती पुढं."

बावीस वर्षांत मुक्काम मिळण्यासाठी काय लागतं ह्याचा विचार मी केलेला नव्हता. दिवस बाकी होता, म्हणून औंढ्याची गाडी धरली आणि तिथल्या भक्तनिवासात उतरले. तिथल्या बाईने नाव लिहून घेतलं, पुढे काही विचारलं नाही.

सकाळी देवळाभोवती फिरले. श्रावण संपून गेला होता, गर्दी नव्हती. फुलवाली म्हणाली, "घ्या की मावशी, सोमवार न्हाई म्हणून द्येव उठून गेला न्हाई." फुलं घेतली आणि पायरीवर ठेवली, आत गेले नाही. यशवंत आणि मी आत जात नसू, बाहेरच्या भिंती बघत असू. काळ्या दगडात हत्ती, वादक, युद्धं. हातभर उंचीपर्यंत मूर्ती झिजलेल्या, कारण शेकडो वर्षं लोक टेकून बसले. ह्या देवळाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. एका संताला तो खालच्या जातीचा म्हणून पुढून उठवलं, तो मागे जाऊन गाऊ लागला, तेव्हा देऊळच त्याच्याकडे फिरलं. पहिल्यांदा आलो तेव्हा यशवंत म्हणाले होते, "देऊळ फिरलं. माणसं होती तिथेच बसून राहिली." तेव्हा मी हसले होते.

पायऱ्या उतरताना चिखलात चप्पल रुतली आणि तिचा अंगठा तुटला. अनवाणीच स्टँडपर्यंत गेले, तिथे शिवून घेतली. कुरुंद्याला जाणारी गाडी समोरून गेली. दीड तास बसून राहिले.

गावात, सोळा सप्टेंबर

कुरुंद्यापासून काळी-पिवळी जीप मिळते. आत चौदा माणसं, टपावर खताच्या गोण्या. दोन्हीकडे हळद उभी होती. हळदीची पानं रुंद असतात, कर्दळीसारखी, आणि पाऊस झाल्यावर त्यांच्या खाली जमीन दिसत नाही. ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली आहे त्यांना हे शेत ओळखू येणार नाही.

फाट्यावर माझी धाकटी जाऊ सखू उभी होती. "जयभीम, आक्का," म्हणाली आणि पिशवी हातातून काढून घेतली. चालताना एकदाच म्हणाली, "लई वाळल्या तुमी."

घरात गंगाआत्या होत्या. लिंबाजींच्या पाठची बहीण. नवरा लवकर वारला म्हणून माहेरीच राहिल्या, भावाची पोरं वाढवली, यशवंतांना त्यांनीच शाळेत घातलं. ऐंशीच्या घरात होत्या. डोळे पूर्ण गेले होते, कान अर्धे. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी यशवंतांचा फोटो लावलेला होता. मी जवळ बसले तेव्हा आत्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानाच्या पाळीपर्यंत.

"एकटीच आलीस."

"हो, आत्याबाई."

"बरं झालं आलीस. मला वाटलं, आता लिंबाला कोण बोलंल. यशवंताचा भाऊ तर इथं वसमतला हमाली करून राहिला, त्याला येळ न्हाई." हा टोमणा माझ्या दिरावर, म्हणजे सखूच्या नवऱ्यावर होता.

"यळ हाय, मजुरी बुडती," चुलीपासून सखू म्हणाली.

"ऐकू येतंय मला, बहिरी न्हाई."

"आपल्या कामाचं बराबर ऐकू येतं म्हातारीला," सखू माझ्याकडे बघून म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला अंबाडीची भाजी होती, वर कच्चं तेल आणि लसूण. आत्यांनी मला त्यांची रीत सांगितली. स्तंभ ग्रामपंचायतीसमोर, आपली वस्ती ओढ्याअलीकडे. हजेरीला आपल्या बाया पूर्वी जात नसत, आता त्यांचं तिकडे जाणं होत नाही. पण भोंगा लिंबाच्या झाडावर बांधतात. गुरुजींचा आवाज त्यात फाटतो, नावं कळत नाहीत. "हजर" मात्र कळतं. आत्या ओट्यावर अकरा चिंचोके मांडून बसतात आणि एकेका "हजर"ला एकेक चिंचोका उजवीकडे सरकवतात.

"आठवा लिंबाचा," त्या म्हणाल्या. "यशवंताचा आवाज मला हजारात कळायचा. तू बी मोठ्यानं बोल. तुमी शिकलेल्या बाया तोंडातल्या तोंडात बोलता."

"मोठ्याने बोलीन."

लिंबाजींबद्दलही त्या बोलल्या. लिंबाजी गावचा येसकर, निरोप घेऊन गावोगाव चालत जायची त्यांच्या घरची कामगिरी. त्या वर्षी त्यांच्या टोपल्यात वाळल्या भाकरी असायच्या आणि खाली कागद, नाक्यापलीकडे लपून निजामाशी लढणाऱ्यांसाठी. नाक्यावरचा कारकून सगळ्यांची गाठोडी सोडून बघे, महाराच्या टोपल्याला हात लावत नसे. म्हणून हे काम त्यांना दिलं होतं. तीन वेळा ते पलीकडे जाऊन आले. चौथ्यांदा कारकून नव्हता, रझाकार होते.

"प्रेत आलं न्हाई," आत्या म्हणाल्या. "मातीबी न्हाई. नुसतं नाव हाय."

सतरा सप्टेंबर

सकाळी आठला झेंडा झाला. शाळेची मुलं ओळीने, पुढे सरपंच, मागे शेतकरी, धुतलेले सदरे. शे-दीडशे माणसं असतील. आमच्या वस्तीतले सात-आठ जण शाळेच्या भिंतीकडे उभे होते, मी त्यांच्यात उभी राहिले. स्तंभ छातीएवढा उंच, पांढरा रंग ताजा. दगडावर काय कोरलं आहे ते मी उभी होते तिथून दिसत नव्हतं. जवळ जाऊन वाचावं असं मनात आलं होतं, पण नावं वाचणारच आहेत म्हणून थांबले. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईने अशी चूक करू नये.

गुरुजी साठी उलटलेले, निवृत्त शिक्षक, हातात फुलस्केप वही. ह्यांच्याच वडिलांनी पहिली हजेरी घेतली होती. त्यांनी नाव वाचलं, की एक तरुण माइक घेऊन त्या घरच्या माणसाकडे जाई.

पहिल्या नावाला एक म्हातारा उठला. हजर. दुसऱ्याला सून, डोक्यावरचा पदर सावरत. हजर. चौथ्याला भाऊ-भाऊ दोघं एकदम बोलले आणि लोक हसले. बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं असं मागून कुणीतरी म्हणालं, वर्षातून एकदा एवढंच एका तोंडाने बोलतात. सातवं नाव झालं. माइकवाला न सांगता माझ्याकडे चालत आला. मी घसा साफ केला.

"किसन महादू," गुरुजींनी वाचलं.

मला वाटलं, क्रम बदलला असेल. मी थांबले. माइक माझ्या तोंडासमोर होता.

"किसन महादू," गुरुजी पुन्हा म्हणाले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बोला बाई. हजर म्हणा."

"यशवंताची बायको हाय," कुणीतरी सांगितलं. "नवीन हाय, माहीत नसंल."

मी म्हणाले, "हे नाव आमचं नाही."

मोठ्याने म्हणाले. आत्यांनी सांगितलं होतं तसं. भोंग्यातून ते ओढ्याच्या पार गेलं.

 चाळीस वर्षांच्या सवयीने गुरुजींच्या तोंडून निघालं, "गैरहजर." आणि त्यांनी नववं नाव वाचलं. दहावं वाचलं. अकरावं वाचलं. वही मिटली. लिंबाजी सटवाजी हे नाव आलंच नाही.

बुंदीचे लाडू वाटायला सुरुवात झाली, मुलं पांगली. मी गुरुजींकडे गेले.

"तुमाला यशवंतानं सांगितलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"आठवं नाव लिंबाजींचं असं सांगितलं होतं."

ते खुर्चीवर बसले. मला दुसरी खुर्ची दिली. आवाज खाली आणून बोलू लागले. सोळा वर्षांपूर्वी यशवंत आले आणि म्हणाले, लिंबाजींचं नाव घाला. गुरुजी म्हणाले, यादी वडिलांनी केली, दगडावर कोरली, वडिलांचा नियम असा होता की गावच्या शिवारात पडले त्यांचीच नावं. लिंबाजी नाक्याकडे गेले, प्रेत आलं नाही, कुणी पाहिलं नाही.

"आणि किसन?"

"किसन आमचा सालगडी. कुठला होता कुणास ठाऊक. आमच्याच वावरात पडला. त्याला मागं कुणी न्हाई. त्याच्या नावाला दरसाली सगळे गप बसायचे, लई अवघड वाटायचं. यशवंत म्हणला, मग हे नाव तरी मला द्या. आमची आत्या मोजत बसती. मी दिलं. काही लोक कुरकुरले. मी ऐकलं न्हाई. माझ्याच्यानं तेवढं झालं."

"लिंबाजी भाकरी घेऊन जात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याच घरच्या भाकरी. मी आठ वर्षांचा होतो. माय टोपल्यात वरून टाकायची, हात लागू न देता."

"पलीकडचे लोक त्या खात?"

"उपाशी माणूस खातो बाई." त्यांनी लाडवांच्या परातीकडे पाहिलं. "यादी करताना पोटं भरलेली होती."

मग त्यांनीच सुचवलं. माइक अजून चालू आहे. किसनचं नाव पुन्हा वाचतो, ऐकण्यात चूक झाली म्हणून सांगतो, तुम्ही हजर म्हणा. "म्हातारीला बरं वाटंल. यशवंतानं सोळा साल सांभाळलं."

मी म्हणाले, "लिंबाजी सटवाजी वाचा. एकदाच. मी हजर म्हणते."

"दगडावर न्हाई ते कसं वाचू? उद्या दुसरा यील."

"येऊ दे."

"तुमी संध्याकाळी अकोल्याला जाताल. मला हितं ऱ्हायचं हाय."

तो माणूस वाईट नव्हता. हे मी तेव्हाही जाणून होते. माइकवाला तार गुंडाळायला आला, तेव्हा गुरुजींनी हाताने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने तार गुंडाळली.

ओढा ओलांडून घरी गेले. आत्या ओट्यावर होत्या. सात चिंचोके उजवीकडे, आठवा त्यांच्या मुठीत. उरलेल्या तीन चिंचोक्यांना त्यांनी हातही लावला नव्हता.

"लिंबाला आमचं नाव न्हाई म्हणलीस?" त्यांनी विचारलं.

सखू दारात उभी होती. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, खोटं बोला म्हणून. सोपं होतं. ऐकू आलं नाही, गोंधळले, नवीन होते. आत्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यासारखं झालं असतं. पण पुस्तकाच्या पाठीवर चुकीचा क्रमांक दिसला की तो खोडून बरोबर लिहायचा, हे मी आयुष्यभर केलं आहे. दुसरं काही मला येत नाही. मी सगळं सांगितलं.

आत्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मंग यशवंत कुणाला हजर म्हणायचा?"

"किसन महादू म्हणून होता. त्याला कोणी नव्हतं."

"सोळा साल?"

"तुमच्यासाठीच, आत्याबाई."

"माझ्यासाठी व्हय." त्यांचा आवाज चढला नाही. "दुसऱ्याच्या मड्याला हजर म्हणून यायचा न् माझ्या हातची भाकर खायचा. मी इचारायची, कसं झालं रे? म्हणायचा, चांगलं झालं आत्या, समद्यांनी ऐकलं. डोळे माझे म्हातारपणानं नेले. कान त्यानं नेले."

"त्यांनी नाव घालायला सांगितलं होतं, आत्याबाई. गुरुजींनीच नाही म्हटलं."

"तर येऊन मला सांगायचं. मी गेले असते. तवा मला दिसत होतं, चालता येत होतं. मी त्या खांबाला जाऊन इचारलं असतं."

 

"सखू," त्या म्हणाल्या, "त्याचा फोटो उतरव."

"असं काय करता आत्याबाई, तीन महिने झाले माणूस जाऊन—"

"उतरव म्हणलं न."

सखू हलली नाही, तेव्हा त्या स्वतः उठल्या आणि भिंत चाचपत निघाल्या. त्यांचा हात बुद्धाच्या तसबिरीला लागला, तिथून त्यांनी तो मागे घेतला. मग सखूने फोटो उतरवला आणि टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या नाहीत.

अठरा सप्टेंबर

सकाळी सखू खराटा घेऊन निघाली, तिच्यामागे मी गेले. काल लाडवांचे कागद पडले होते, चहाचे पेले पडले होते. ते झाडायचं काम आमच्या वस्तीकडे असतं, पाळीने. ह्या वर्षी सखूची पाळी होती. सोळा वर्षांत यशवंतांनी हे नक्की पाहिलं असणार. मला सांगितलं नव्हतं.

मी दगडासमोर उभी राहून नावं वाचली. पहिलं ते अकरावं, आणि पुन्हा अकरावं ते पहिलं. अक्षरं खोल आणि नीट कोरलेली आहेत. खाली दोन ओळींची जागा मोकळी आहे.

"किती बी वाचलं तरी तेवढंच ऱ्हाणार, आक्का," सखू म्हणाली. "पाय काढा, तुमच्या खाली कागद हाय."

परतीच्या वाटेवर कनेरगावला गाडी थांबली, मी उतरले नाही.

ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली. आत्या त्याच माघात गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. शेवटपर्यंत त्यांनी यशवंतांचं नाव काढलं नाही, असं सखू म्हणाली. मी विचारलं होतं, म्हणून तिने सांगितलं. पुढच्या सप्टेंबरात मी पुन्हा गेले आणि आठव्या नावाला हजर म्हटलं. किसन महादू कुठला, त्याचे आईबाप कोण, हे मी विचारत राहिले, कोणाला सांगता आलं नाही. लिंबाजींचं नाव स्तंभावर घालावं म्हणून अर्ज केला. त्याला साक्षीदार लागतात. गुरुजी सही करतो म्हणाले आणि त्यांनी केलीही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते वारले. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. आता नवे शिक्षक नावं सलग वाचतात, वेळ वाचतो म्हणून. मधे कोणी हजर म्हणत नाही.

यशवंतांनी केलं ते बरोबर की मी केलं ते, हे मी लिहिता लिहिता ठरवीन असं वाटलं होतं. ठरलं नाही.

मी अजून जाते, आदल्या दिवशी पोचते. स्तंभावर अकरा नावं आहेत. लिंबाजी सटवाजी हे नाव त्यांत नाही.